नाईलकाठचा हरवलेला लव्हाळा



1969 साली थॉर हेयरडाल या नॉर्वेच्या संशोधकानं गिझाच्या पिरॅमिडांजवळ, वाळूवर, एक होडी बांधून घेतली. लाकडाची नव्हे, लव्हाळ्याची. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांमध्ये भिंतींवर जशा होड्या रंगवलेल्या दिसतात तशा होडीतून अटलांटिक महासागर ओलांडता येतो का, हे त्याला पाहायचं होतं. होडीला त्यानं 'रा' या सूर्यदेवाचं नाव दिलं. घाट इजिप्तचा, जागा इजिप्तची, देवही इजिप्तचाच. पण ज्या पपायरसची ती बांधायची, तो पपायरस इजिप्तमध्ये मिळण्यासारखा नव्हता. तो आणावा लागला इथिओपियातल्या ताना सरोवरातून, आणि तो बांधणारे कारागीर आले चाड सरोवराच्या काठावरून.

ज्या देशाच्या देवळांचे खांब पपायरसच्या जुडीच्या आकाराचे आहेत, ज्याच्या उत्तर भागाचं राजचिन्हच पपायरस होतं, त्या देशाची ही अवस्था. लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथं 2013 मध्ये जे लिखित पपायरस सापडले ते खुफू राजाच्या काळातले, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पिरॅमिडासाठी चुनखडीचे दगड होडीतून वाहून नेणाऱ्या एका मुकादमाची ती रोजनिशी आहे. त्याहून जुनी, कोरी गुंडाळी सक्कारा इथं पहिल्या राजघराण्याच्या काळातल्या एका थडग्यात मिळाली. इतक्या जुन्या काळापासून ज्याचा माग लागतो, ती वनस्पती विसाव्या शतकात आपल्याच देशात एका होडीपुरतीही उरली नव्हती.

आणि तरीही ती पुरती संपलेली नव्हती. 'रा' बांधली गेली त्याच्या एकच वर्ष आधी, 1968 मध्ये, कैरो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ नबील अल-हदीदी यांना वादी अल-नत्रून या वाळवंटातल्या खोलगट भागात रानटी पपायरसचा एक छोटा पुंजका सापडला. मोजकीच झाडं. गिझापासून ही जागा साधारण शंभर किलोमीटर. तिकडे ताना सरोवरातून मोळ्यांच्या मोळ्या येत होत्या, आणि इकडे एका मोटारप्रवासाच्या अंतरावर इजिप्तचा स्वतःचा पपायरस पाणकणसाच्या गर्दीत उभा होता.

आजच्या व्याख्यानासाठी मी हा विषय घेतला त्याला कारण आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांचा सगळा जीव फुलझाडांपेक्षा गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पतींवर होता. सहलीत मुलं गवत म्हणून जे तुडवत पुढं जात, तिथं सर उकिडवे बसत. कुठलीही वनस्पती दाखवली की त्यांचा पहिला प्रश्न असे, हिच्या पायाखाली पाणी किती आणि किती दिवस? पपायरसच्या बाबतीत हा प्रश्न नेमका लागू पडतो. ही दुबळी, नाजूक वनस्पती नाही. पृथ्वीवरच्या सर्वांत जोमदार वनस्पतींमध्ये तिची गणना होते. तिच्याकडे माणसाचं दुर्लक्षही कधी झालं नाही. एवढं कौतुक फार थोड्या वनस्पतींच्या वाट्याला आलं असेल. मग ती दुर्मीळ झाली कशी? माझं म्हणणं असं आहे की दुर्मीळपणा तिच्या अंगात नव्हता, तो तिच्या पाण्यात शिरला. हे पटवायचं तर आधी वनस्पती नीट पाहावी लागेल.

पपायरस हा मोथ्याच्या कुळातला. शास्त्रीय नाव सायपरस पपायरस. लिनिअसनं 1753 मध्ये दिलेलं. या सायपरेसी कुळात सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. आपल्याकडे दिवाळीच्या उटण्यात पडतो तो नागरमोथा याच सायपरस प्रजातीतला, आणि हरळीच्या जोडीनं शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणतो तो लव्हाळाही तिच्यातलाच. या कुळाला गवत म्हणण्याची चूक सर्रास होते, पण बोटांनी चाचपलं तरी फरक कळतो. गवताची काडी गोल आणि बहुधा पोकळ, तिला पेरं असतात. मोथ्याची काडी बहुतेक वेळा तिधारी, आतून भरीव, आणि बुडापासून तुऱ्यापर्यंत एकही पेर नाही. गवताची पानं दोन रांगांत येतात, मोथ्याची तीन रांगांत. गवताच्या पानाचा काडीभोवतीचा देठ एका बाजूनं उघडा असतो, मोथ्याचा नळीसारखा बंद.

पपायरसमध्ये ही सगळी लक्षणं मोठ्या मापात पाहायला मिळतात. काडी चार-पाच मीटर उंच, बुडाशी जाड, वर निमुळती होत गेलेली, गुळगुळीत, गर्द हिरवी. बुडाशी ती जरा गोलसर लागते, वर हात नेला की तीन धारा स्पष्ट जाणवतात. पानं शोधायला जाल तर सापडणार नाहीत. बुडाशी तपकिरी, कागदासारखी खवलं दिसतात, तीच पानं. पानांचं काम काडीनं आणि डोक्यावरच्या छत्रानं अंगावर घेतलेलं आहे. हे छत्र म्हणजे शंभराहून अधिक, कधी कितीतरी अधिक, हिरव्या दोऱ्यांचा झुबका. प्रत्येक दोरा वीतभर किंवा त्याहून लांब, टोकाशी पुन्हा तीन-चार बारीक फाट्यांत विभागलेला, आणि त्या फाट्यांवर तपकिरी रंगाची इवलीशी कणसं. भिंग लावलं तर एकेका तुसाच्या आड एकेक फूल दिसतं: तीन पुंकेसर, तीन फाट्यांची कुक्षी, पाकळ्या अजिबात नाहीत. परागण वाऱ्यावर. फळ जेमतेम एक मिलिमीटरचं, तेही तिधारी. पाच मीटरच्या या वनस्पतीचा वंश या एका मिलिमीटरमधून पुढं जातो, हे पुढच्या बोलण्यासाठी लक्षात ठेवा.

मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत 'अंब्रेला पाम' म्हणून जे कुंडीतलं झाड विकलं जातं ते पाम नाही, तोही सायपरसच आहे. त्याच्या डोक्यावर चपटी, पात्यांसारखी छदं गोल पसरलेली असतात. पपायरसच्या डोक्यावर दोरे असतात. बागेतल्या तळ्यात कुणी 'पपायरस' म्हणून दाखवलं की आधी वर बघा. ओळख तिथंच पटते किंवा पुसली जाते.

काडी आडवी कापून पाहिली की मात्र खरी गंमत कळते. बाहेरची साल पातळ, टणक आणि हिरवी. तिच्यात आधाराचे चिवट तंतू आहेत. आतला गाभा पांढराशुभ्र आणि हलका. तो भरीव दिसतो, पण उजेडात धरला की कळतं, त्यात हवेच्या असंख्य पोकळ्या उभ्या जातात, आणि त्यांच्या मधून रस वाहणाऱ्या नळ्यांच्या जुड्या विखुरलेल्या आहेत. दलदलीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. मुळांना आणि आडव्या खोडाला श्वास घ्यायचा तर हवा वरून खाली पोचायला हवी, आणि ती या पोकळ्यांमधून पोचते.

हाच गाभा माणसानं लिहायला वापरला. साल सोलायची, गाभ्याच्या उभ्या पातळ पट्ट्या काढायच्या, एक थर उभा आणि त्यावर दुसरा आडवा मांडायचा, दाबायचा आणि वाळवायचा. प्लिनीनं पहिल्या शतकात ही कृती लिहून ठेवली आणि पट्ट्या नाईलच्या गढूळ पाण्यामुळे चिकटतात असं सांगितलं. ते खरं नाही. कोणतंही स्वच्छ पाणी चालतं. पट्ट्या धरून राहतात त्या स्वतःच्या रसामुळे आणि दाबाखाली एकमेकांत रुतलेल्या त्या पोकळ गाभ्यामुळे. पपायरसचा खरा तुकडा खिडकीपाशी उजेडात धरा. उभ्या-आडव्या गडद रेघांची जाळी दिसेल. त्या रेघा म्हणजे रस वाहणाऱ्या नळ्यांच्या त्याच जुड्या. तीन हजार वर्षांपूर्वीच्या हिशेबाच्या कागदातही त्या वनस्पतीचं शरीर असं उघडं वाचता येतं. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला अक्षरांइतकाच त्या रेघांचाही मोह पडतो.

हवेच्या पोकळ्यांवरच हेयरडालची सगळी भिस्त होती. पपायरस दोन आठवड्यांत पाणी पिऊन बुडेल, असं जाणकारांनी त्याला बजावलं होतं. 1969 मध्ये 'रा' मोरोक्कोच्या साफी बंदरातून निघाली, हजारो किलोमीटर गेली आणि वेस्ट इंडिजच्या अलीकडे सोडून द्यावी लागली. दोष पपायरसचा नव्हता. मागचं वळलेलं टोक ताणून धरणारी दोरी भिंतीवरच्या चित्रात होती. ती निव्वळ शोभेची समजून काढून टाकली होती, आणि मागची बाजू खचली. पुढच्या वर्षी 'रा-2' तीच चूक टाळून, बोलिव्हियाच्या टिटिकाका सरोवरावरच्या आयमारा कारागिरांकडून बांधून घेतली. ती 57 दिवसांत बार्बाडोसला पोचली. कापलेली, वाळलेली, मेलेली काडी जवळजवळ दोन महिने समुद्रावर माणसांना घेऊन तरंगली. ताना सरोवरावरचे कोळी आजही अशा होड्या वापरतात, आणि काम झालं की त्या काठावर ओढून वाळवतात.

जिवंत पपायरस याच हवेच्या जोरावर तरंगतोही. चिखलात आडवं सरपटणारं त्याचं जाड खोड पुढच्या टोकाला वाढत राहतं आणि एकामागून एक काड्या वर सोडतं. त्यामुळे एकाच जागी कोवळा कोंब, भर वयातली काडी आणि वाळलेला बुंधा शेजारीशेजारी दिसतात. खोडं आणि मुळं एकमेकांत गुंतून त्यांची जाड गोधडी तयार होते. पाणी चढलं की ती चिखलापासून सुटते आणि वरच्या काड्यांसकट तरंगू लागते. दक्षिण सुदानमधल्या सुद्द दलदलीत असे तुकडे वाऱ्याबरोबर वाहत जाऊन नदीचा मार्ग अडवतात. एकोणिसाव्या शतकात नाईलचा उगम शोधायला निघालेल्या बोटी या हिरव्या बांधांत अडकून पडल्या होत्या.

वाढीचा हा झपाटा येतो कुठून? पपायरसचं कर्बग्रहण सी-4 पद्धतीचं आहे. मका, ऊस, ज्वारी यांचं असतं तसं. साधारणपणे ही पद्धत उष्ण, कोरड्या जागी फायद्याची समजतात, कारण तिच्यात पाणी वाचतं. मग गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या वनस्पतीला पाणी वाचवण्याची काय गरज? या प्रश्नाचा पाठपुरावा केनियातल्या नैवाशा सरोवरावर 1980 च्या दशकात मायकेल जोन्स आणि फ्रान्सिस मुथुरी यांनी केला, आणि उत्तर नत्राकडे नेतं. कर्बवायू पकडणारं मुख्य विकर बनवायला पुष्कळ नत्र लागतं. सी-4 पद्धतीत कर्बवायू आधी एकवटून त्या विकराच्या हाती दिला जातो, म्हणून विकर कमी पुरतं आणि नत्रही कमी पुरतं. दलदलीत पाणी भरपूर, नत्राची मात्र चणचण. शिवाय काडी म्हातारी झाली की तिच्यातलं नत्र आणि स्फुरद परत आडव्या खोडात ओढून घेतलं जातं आणि पुढच्या कोंबाला दिलं जातं. मला स्वतःला पपायरसच्या साऱ्या करामतींमध्ये ही काटकसर सर्वांत देखणी वाटते. कागद, होडी, देवळांचे खांब हे सगळं तिच्यापुढं फिकं आहे.

आता या जोमाची दुसरी बाजू. आपल्या शेतातल्या लव्हाळ्याशी पपायरसची तुलना करू. तोही सायपरसच, सायपरस रोटुंडस. लिरॉय होम आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर जो ग्रंथ लिहिला त्यात पहिला क्रमांक या वीतभर वनस्पतीचा आहे. त्याचं बळ जमिनीखालच्या गाठींमध्ये. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळलं, नांगर फिरला, खुरपणी झाली, तरी गाठी झोपून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर उठतात. दुष्काळ आणि नांगर दोन्ही पचवण्याची ती सोय आहे. पपायरसकडे अशी गाठ नाही. त्याचं आडवं खोड सतत वाढणारं, सतत ओलं लागणारं. पाणी दीर्घकाळ आटलं की ते मरतं. पाणी फार खारट झालं तरी मरतं. नवी सुरुवात करायची तर ती त्या एका मिलिमीटरच्या फळातून, आणि त्या रोपट्याला हवा असतो ओला, उघडा, उजेडातला गाळ. जॉन गॉडेट यांनी नैवाशावर हे पाहिलं आहे. सरोवराची पातळी उतरली, काठचा गाळ उघडा पडला की त्यावर पपायरसची रोपं उगवतात, आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत मोठी होऊन तरंगायला लागतात. म्हणजे पाणी कायम हवं, पण ते कधीमधी काठावरून सरकायलाही हवं. गाळ हवा, पण तो नांगरलेला नको. ज्या नदीला असं हलण्या-डुलण्याची मुभा आहे तिथं पपायरसला कुणी हटवू शकत नाही. ही मुभा काढून घ्या, तो काही पिढ्यांत जातो.

इजिप्तमध्ये ती काढून घेतली गेली. एका दिवसात नाही, आणि कुणी पपायरसच्या वाईटावर होतं म्हणूनही नाही.

नाईलला दरवर्षी पूर येई आणि ओसरे. पूर ओसरलेल्या शेतांत पपायरस नसायचा. तिथं गहू आणि सातू. पपायरसची जागा त्रिभुज प्रदेशातल्या बारमाही दलदलीत, नदीनं सोडून दिलेल्या जुन्या पात्रांत, किनाऱ्यालगतच्या सरोवरांच्या गोड्या बाजूंना. थिओफ्रास्टसनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलं आहे की तो दोन हातांपेक्षा खोल पाण्यात वाढत नाही, आणि तिथले लोक त्याचं खोड सरपणाला वापरतात, कोवळा भाग चघळून रस घेतात, दोर, चटया, शिडं वळतात. पुढं हे पीक झालं. मळे झाले, मालक झाले, भाडेपट्टे झाले. स्ट्रॅबो हा भूगोलकार इसवी सनाच्या सुरुवातीच्या सुमारास सांगतो की उत्पन्न वाढवण्याच्या मागे लागलेले काही लोक पपायरस पुष्कळ ठिकाणी वाढूच देत नाहीत. टंचाई करून भाव चढवतात. दुर्मीळ करणं हा धंद्याचा भाग झाल्याची इतकी जुनी नोंद दुसऱ्या कुठल्या वनस्पतीबद्दल माझ्या वाचनात नाही.

एखादी रानटी वनस्पती पीक झाली की लोकांना ती सुरक्षित वाटते. मळा आहे म्हणजे वनस्पती आहे, असा हिशेब. पण मळा बाजारावर जगतो. आठव्या शतकानंतर चिंध्यांपासून केलेला कागद समरकंद-बगदादमार्गे पश्चिमेला सरकला, आणि दहावं शतक संपेपर्यंत इजिप्तमध्येही त्यानं पपायरसला हटवलं. मळ्यांचं कारणच संपलं. तोवर मळ्यांबाहेरची दलदलही शेतीखाली जात होती. सोळाव्या शतकात प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्यानं इजिप्तच्या वनस्पतींवर लिहिलं तेव्हा त्यात पपायरसची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही त्रिभुज प्रदेशात तो पाहिल्याचं सांगतात. मग मात्र शतकाहून अधिक काळ शांतता.

त्याच सुमाराला नाईलचं पाणी बदललं. 1820 च्या दशकापासून महंमद अलीच्या राजवटीत लांब धाग्याच्या कापसासाठी बारमाही कालवे खणले गेले. पूर येऊ द्यायचा आणि जाऊ द्यायचा ही हजारो वर्षांची रीत मागं पडून वर्षभर मोजून पाणी द्यायची रीत आली. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आभाळाला भिडले, वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलानं गेला, हे आपल्याला ठाऊक आहे. नेमकी तीच तेजी तिकडं नाईलच्या मुखापाशी दलदली शेताखाली आणत होती. 1902 मध्ये अस्वानचं पहिलं धरण झालं, 1970 मध्ये उंच धरण. नदी आता काठावरून सरकत नाही. निचऱ्याचं पाणी खारट होऊन सरोवरांना मिळतं. पपायरसला जे हवं होतं त्यातलं काही उरलं नाही.

म्हणून वादी अल-नत्रूनचा पुंजका एवढा मोलाचा. ही जागा कैरो आणि अलेक्झांड्रियाच्या मधे, त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, समुद्रसपाटीच्याही वीस-बावीस मीटर खाली. इथली सरोवरं इतकी खारी की त्यांच्या काठचा सोडा हजारो वर्षं मृतदेह टिकवायला नेला गेला. पपायरसनं पाठ फिरवावी अशीच जागा. पण काठावर काही ठिकाणी नाईलच्या बाजूनं जमिनीखालून येणारं गोडं पाणी पाझरतं. त्या पाझरावर पाणकणीस आणि बोरू वाढतात, आणि त्यांच्यात हा पपायरस टिकला. मुख्य नदीकाठी त्याचं पाणी माणसानं बदललं. इथं कुणाला शेतीच करता येत नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं. चेक वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढं या पुंजक्याला वेगळी उपजात मानून तिला हदीदींचं नाव दिलं. ही उपजात वेगळी धरावी की नाही यावर मतं एक नाहीत. नाव टिको न टिको, त्रिभुज प्रदेशातल्या हरवलेल्या पपायरसचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर आधी तिथंच पाहावं लागेल.

हदीदींच्या मागे मोठी परंपरा होती, ती सांगायलाच हवी. विवी टॅकहोल्म ही स्वीडिश बाई 1920 च्या दशकात नवऱ्याबरोबर कैरोला आली, नवरा अकाली गेल्यावरही इजिप्तच्या वनस्पती सोडेना, आणि अखेरपर्यंत तिथंच राहिली. 1950 मध्ये महंमद द्रार यांच्यासह तिनं इजिप्तच्या वनस्पतिकोशाचा जो दुसरा खंड काढला त्यात पपायरसचं फार विस्तारानं विवेचन आहे. कैरो विद्यापीठाचं वनस्पतिसंग्रहालय तिच्या हातचं. वाळवंटातल्या पाणकणसाच्या दाटीत शिरून पाहण्याची सवय अशा घडणीतून येते.

आता कुणी म्हणेल, आज इजिप्तमध्ये पपायरस पुष्कळ दिसतो की. आपली पर्यटक मंडळी कैरोहून रंगीत चित्रांचे पपायरस घेऊन येतात, दिवाणखान्यात लावतात. हा पपायरस वेगळ्या वाटेनं आला. हसन रगब या अभियंत्यानं 1960 च्या दशकात सुदानमधून त्याची खोडं आणून नाईलकाठी लावली, हरवलेली कागदाची कृती प्रयोग करकरून पुन्हा बसवली, संस्था काढली. शर्किया प्रांतातल्या अल-करामूस गावात पुढं शेतकऱ्यांनी त्याची शेतीच धरली. रगब यांचं काम मोठं आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ही सुदानहून आणलेली लागवड आहे, आणि पुन्हा तीच जुनी गोष्ट: मळा. त्याचं आयुष्य पर्यटकांवर टांगलेलं. पर्यटक कमी झाले की अल-करामूसमध्ये पपायरस उपटून दुसरं पीक घेतलं जातं. शेतकऱ्याचं त्यात काही चुकत नाही. चुकतो तो आपला हिशेब, मळ्यातल्या झाडाला रानातल्या झाडाच्या खात्यावर टाकण्याचा.

सिसिलीत सिराक्यूजजवळ चिआने नदीकाठी पपायरस आहे. तो तिथला की इजिप्तहून नेलेला, हा वाद जुना आहे आणि मी त्यात शिरत नाही. इस्राएलच्या उत्तरेतल्या हुला खोऱ्याचं उदाहरण अधिक शिकवतं. 1950 च्या दशकात मलेरिया घालवायला आणि शेतीसाठी ते सरोवर आणि त्याभोवतीची पपायरसची दलदल उपसली. वाळलेली कुजकट माती पेटू लागली, जमीन खचू लागली. विरोध करणाऱ्यांनी दलदलीचा एक कोपरा राखून ठेवायला लावला. 1964 मध्ये तो त्या देशाचा पहिला राखीव निसर्गप्रदेश झाला. 1994 मध्ये खोऱ्याचा काही भाग पुन्हा पाण्याखाली आणला, तेव्हा तो कोपरा शिल्लक होता म्हणून पपायरस शोधायला दूर जावं लागलं नाही. वादी अल-नत्रूनमध्ये मात्र पाझर ज्या भूजलावर आहे, त्याच भूजलावर त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेची वाळवंटातली नवी शेती चालते. तिथं पपायरस राखायचा तर त्याच्याभोवती कुंपण घालून भागणार नाही; विहिरींतली पातळी मोजावी लागेल, आणि ती उतरली तर उपसा थांबवायला कुणाला तरी सांगावं लागेल.

समोर विद्यार्थी बसले आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं बोलतो. भाद्रपद-आश्विनात आपल्या तलावांच्या काठांवर, कोकणातल्या सड्यांवरच्या डबक्यांत, भातखाचरांच्या बांधांवर मोथ्याच्या कुळातल्या कितीतरी जाती फळावर येतात. नमुना घेताना पिकलेलं फळ असलेलीच काडी घ्या. या कुळात फळावाचून जात ठरत नाही. काडी तिधारी आहे की गोल, ते ताजेपणीच लिहा, वाळल्यावर कळत नाही. जमिनीखाली गाठ आहे, सरपटतं खोड आहे की नुसता मुळांचा झुपका, हे चिखलात बोटं घालून पाहा आणि लिहून ठेवा. पुंजका लहान असेल तर खोड उपटू नका, एक काडी कापून फोटो काढा. आणि कागदावर जागेच्या नावाखाली पाण्याची खोली लिहा, पाणी वाहतं की साचलेलं ते लिहा, तळं उन्हाळ्यात आटतं का हे काठावरच्या माणसाला विचारून लिहा. जुन्या संग्रहांतल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर हा रकाना कोरा असतो. मार्गशीर्षात एकदा आणि चैत्रात एकदा त्याच जागी परत जा, आणि पाणी कुठवर हटलं त्याची खूण टिपून आणा.